मापात बसवून घेणं

गेल्या दशलक्षण पर्वात प्रवचन सुटल्यावर एकीनं मला बाजूला घेतलं. "वहिनी, तुमची लेक ती भली मोठी बाइक घेऊन डोंगरात जाते म्हणे? वर पैसे घालून तिला आणखी काय काय बसवून घेते? आपल्यात शोभतं का हे?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता लिहून उत्तर देते, कारण ते तिला एकटीलाच द्यायचं नाही.

बायांनो, तुमच्यापैकी कोण दुकानातला ब्लाउज आणून तसाच अंगात घालते? खांदा उतरवतो, कडेनं दाबून घेतो, पुढे लागेल म्हणून शिलाईत माया ठेवतो. त्याला कुणी चैन म्हणत नाही. मग गाडी मापात बसवून घेतली की ती चैन कशी होते?

लेकीकडे रॉयल एनफील्डची हिमालयन आहे, ४११ सीसीची. हे मॉडेल २०१६ साली बाजारात आलं. सीटची उंची ८०० मिलिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. वजन दोनशे किलोच्या आसपास. आणि माझी लेक पाच फूट दोन इंच. डांबरी रस्त्यावर निभतं. पण ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी थांबली, पाय टेकायला गेला आणि खाली नेमका खळगा निघाला, तर चवड्यावर उभ्या मुलीनं दोनशे किलो सावरायचे कसे? गाडी आडवी होते आणि बघणारे म्हणतात, पोरींना जमत नाही. अहो, चुकलंय ते माप.

आम्ही दोघी एका गॅरेजात गेलो. मालकानं आधी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दाखवला, मग जादा दिव्यांची जोडी, मग अॅल्युमिनियमच्या पेट्या. सीट खाली घ्यायचीय म्हटल्यावर म्हणाला, "आंटी, त्यापेक्षा चेडवाक स्कूटर घ्या."

स्कूटर नाही घेतली. सीट शिवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं फोम कोरला, आणि मुख्य म्हणजे टाकीजवळ सीट अरुंद केली. उंचीइतकीच रुंदीही नडते, मांड्या फाकल्या की पाय आखूड पडतात. मागच्या शॉकची पट्टी बदलूनही गाडी खाली येते, पण मग इंजिनाचं पोट दगडांना घासतं, पुढचे फोर्क तेवढेच उतरवावे लागतात आणि साइड स्टँड लांब पडून उभी गाडी पलीकडे कलंडते. म्हणून ते आम्ही टाळलं. मुठींवर गार्ड मात्र लावले. रानात पडून क्लचचा लिव्हर मोडला तर गाडी ढकलत आणायची कुणी? इंजिनाखाली जाड पत्रा, खडीला धरणारे टायर. संपली यादी.

आता पेट्यांचं. माझ्याच दिराच्या मुलानं त्या बसवल्या. रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट, पंधरा किलोच्या वर भरतात, तेही गाडीच्या शेपटीला. आपले मुनी पिच्छी-कमंडलू घेऊन शेकडो मैल विहार करतात, आणि याला चार दिवसांना तीन पेट्या! भुसभुशीत मातीत त्यानं पाय टेकवला, गाडी पुढे सरकली आणि पेटीची कड पोटरीवर आली. सहा आठवडे प्लास्टर. लेकीच्या कापडी बॅगा आहेत, जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला बांधते. पाय अडकलाच तर कापड दबतं.

सायलेन्सर बदलणाऱ्यांच्या आयांना एक सांगून ठेवते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दिव्यांचं तर मला घरच्या अंगणातलंच दुखणं आहे. आम्ही मोरजीचे. इथं तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं कुंपण घालून राखण करतात. रात्री वाळूतून निघालेलं पिल्लू जिकडे उजेड तिकडे चालतं, कारण त्याच्या लेखी उजेड म्हणजे समुद्र. तिथं हे वीर ऑफरोडचा सराव म्हणून झगझगीत दिवे लावून गाडी वाळूत घालतात. बंदी असूनही! टायरच्या चाकोरीत पडलेलं टीचभर पिल्लू वर चढणार कसं? किड्यामुंगीची हिंसा होते म्हणून माझ्या लेकीला बोल लावणाऱ्यांनी आधी या दिव्यांकडे बघावं. ती किनाऱ्यावर गाडी नेत नाही. असलेल्या वाटेनं जाते, वाट सोडून गवतात शिरत नाही.

पैसे कुठून आले, हेही त्या दिवशी विचारून झालं. माझ्या भिशीतून आले. फोम, शिलाई, गार्ड, पत्रा, टायर, सगळं मिळून दिराच्या मुलाच्या पेट्या आणि दिव्यांच्या निम्म्यातही गेलं नाही. त्याच्या पेट्यांची तर आमच्या घरी हळदकुंकू लावून पूजा झाली होती, आणि हिशेब आजवर त्याला कुणी विचारलेला नाही.