भिंगारला नगरचे ‘उपनगर’ का म्हणावे?

१/ भिंगारची ओळख बहुधा एका ओळीत आटोपते : नगर शहरालगतचे लष्करी उपनगर. या ओळीतील ‘उप’ही चुकीचा आणि ‘लष्करी’ही अपुरा. (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, हा ‘उप’ मात्र जागचा हलला नाही.)

२/ दरवर्षी २८ मे रोजी आपण नगरचा स्थापना दिन साजरा करतो. १४९० सालच्या त्या दिवशी नगर अस्तित्वातच नव्हते! होते ते भिंगार. बहामनी सेनापती जहांगीर खान त्याच्या परिसरात निर्धास्त तळ देऊन बसला होता. मलिक अहमदने रात्रीतून चाल केली आणि पहाटे छापा घातला. हाती लागलेल्या सरदारांना रेड्यांवर बसवून छावणीभर फिरवले आणि मग बीदरला पाठवून दिले, असे फरिश्ता सांगतो. याच विजयभूमीलगत पुढे शहर वसले. त्याची पायाभरणी १४९४ सालची. म्हणजे वाढदिवस नगरचा, तारीख मात्र भिंगारची.

३/ पाव शतक दख्खनशी झुंजून थकलेला औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी मरण पावला, तो भिंगारच्या मुक्कामी. देह खुलदाबादला गेला; येथे उरले ‘आलमगीर’ हे नाव. पाठ्यपुस्तकांत मात्र ‘अहमदनगर येथे निधन’ एवढेच.

४/ आता ‘लष्करी’. वेलस्लीने किल्ला घेतला ऑगस्ट १८०३ मध्ये. इंग्रजांची छावणी स्थिरावली त्यानंतर. गाव त्याआधी निदान तीन शतके नांदत होते, विणकरांचे माग चालत होते. छावणी गावापाशी आली, गाव छावणीपाशी नव्हे.

५/ ‘नावात काय आहे, पाणी आणि रस्ते बघा,’ असे कोणी म्हणेल. रास्त आहे. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या पालिकांकडे सोपवण्याचे केंद्राचे धोरण आहेच. भिंगारकरांनी त्यात आपले हित जरूर पाहावे. पण ज्या गावाला स्वतःचा इतिहास आहे हेच दप्तरी नसते, त्याच्या जुन्या भिंती पाडताना कोणी हटकत नाही. आजही पर्यटक रणगाडा संग्रहालय पाहतात, किल्ल्यात नेहरूंची खोली पाहतात आणि भिंगारच्या पेठेत पाऊलही न टाकता परततात.

६/ तेव्हा पुढच्या २८ मे रोजी पहिला कार्यक्रम भिंगारमध्ये घ्या. हारतुरे नंतर शहरात नेता येतील.