ओसीआय कार्डावर फुटबॉल खेळता येत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. क्रिकेटवाल्यांनीही वाचा, मध्ये आपला नेत्रवळकर येतो.

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात बांगलादेशने आपल्याला 1-0 ने हरवलं. 22 वर्षांनी त्यांनी आपल्याला हरवलं. त्याआधी मार्चमध्ये शिलाँगला 0-0 झालं होतं, तेव्हा त्यांच्याकडून हमझा चौधरी पहिल्यांदा उतरला. जन्म इंग्लंडचा, लेस्टर सिटीचा खेळाडू, आई बांगलादेशी. त्यांचा कायदा दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, त्यामुळे त्याला ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला नाही. आपला कायदा ते चालवून घेत नाही.

त्याच ढाक्याच्या सामन्यासाठी आपल्याकडे रायन विल्यम्स तयार होता. जन्म ऑस्ट्रेलियात पर्थला, खेळतो बेंगळुरू एफसीकडून. आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट 1950 च्या दशकात संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले. म्हणजे मुंबईचा नातूच म्हणा. त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडला, भारतीय घेतला, पण संघटना बदलण्याचे कागद वेळेत पूर्ण झाले नाहीत आणि त्या दिवशी तो खेळू शकला नाही.

तेव्हापासून सगळ्या ग्रुपवर एकच मागणी फिरतेय: ‘ओसीआयवाल्यांना खेळू द्या.’ क्रीडा मंत्रालयाने 2008 मध्ये ओसीआय, पीआयओ लोकांना भारताच्या संघात घ्यायचं नाही असं धोरण केलं, ते रद्द करा म्हणजे झालं, असा बहुतेकांचा समज. तसं नाहीये. ते धोरण उद्या रद्द झालं तरी फुटबॉलमध्ये काडीचा फरक पडणार नाही. फिफाला त्या देशाचं नागरिकत्व लागतं, आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हेच. नाव ‘ओव्हरसीज सिटिझन’ असलं तरी तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, पासपोर्ट नाही. टेकडीवरच्या विद्यापीठांत हे कार्ड घेऊन आलेली पोरं आमच्या लवळ्यात चहाला येतात, त्यांना विचारा.

क्रिकेटचा हिशेब वेगळा. सौरभ नेत्रवळकर मुंबईचा, 2010 चा अंडर-19 वर्ल्डकप भारताकडून खेळला, पुढे मुंबईकडून रणजी. नंतर शिकायला अमेरिकेत गेला, तिथे नोकरीला लागला, आणि 12 जून 2024 ला न्यूयॉर्कमध्ये त्याने कोहली-रोहित दोघांनाही घरी पाठवलं. आयसीसीला तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं. आपण टाळ्या वाजवल्या, पेपरांनी ‘मराठमोळा’ म्हणून मथळे केले. कुणी त्याला बाहेरचा म्हणालं का? नाही. मग मुंबईचा नातू भारताकडून खेळतो म्हटल्यावर नाकं का मुरडायची?

आयर्लंडचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं. आजी-आजोबांपैकी एक जण जरी आयर्लंडमध्ये जन्मलेला असेल तर नोंदणी करून आयरिश नागरिकत्व मिळतं, आधीचं सोडावं लागत नाही. पोट भरायला इंग्लंडला गेलेल्या लोकांची नातवंडं घेऊन जॅक चार्लटनने, जो स्वतः इंग्रज, 1990 च्या वर्ल्डकपमध्ये तो संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेला. याचा तोटाही त्यांनी सोसलाय. डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि 2019 मध्ये इंग्लंडकडे निघून गेला. गंमत म्हणजे डब्लिनमध्येच जन्मलेला रोबेर्तो लोपेस वडिलांमुळे केप व्हर्देकडून खेळतो. त्याला प्रशिक्षकाचा निरोप लिंक्डइनवर आला होता, पोर्तुगीजमध्ये, आणि त्याला तो स्पॅम वाटला! पाच-साडेपाच लाख वस्तीचा तो देश 2026 च्या वर्ल्डकपला पात्र ठरला. आपण सिंगापूरकडून गोव्यात हरून एशियन कपमधूनही बाहेर.

हा विषय माझ्या घरातही आहे. माझा मावसभाऊ 20 वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला. त्याचा मुलगा 16 वर्षांचा, एका क्लबच्या युवा संघात आहे. हमझाचा सामना पाहून त्याने मला मेसेज केला, “काका, मी इंडियाकडून खेळू शकतो का?” उत्तर शोधायला म्हणून मी नागरिकत्व कायदा वाचायला घेतला. पाच वर्षं ओसीआय असलं पाहिजे, तेवढं त्याच्याकडे आहे. पण अर्जाआधीचे 12 महिने भारतात राहिलं पाहिजे. खास कारण असेल तर सवलत मिळते, ती जास्तीत जास्त 30 दिवसांची. सज्ञान झाल्यावर, म्हणजे ज्या वयात करार मिळतो किंवा कायमचा जातो त्या वयात, पोराने क्लब सोडून वर्षभर इथे येऊन बसायचं. कोण बसेल? रायनला जमलं कारण तो आधीच बेंगळुरूला खेळत होता. त्याच्याआधी अराता इझुमीला जमलं, कारण तो आपल्या पुणे एफसीत होता. वडील गुजराती, आई जपानी. जपानी नागरिकत्व सोडून तो नीलकंठ खंबोलजा झाला आणि 2013 मध्ये भारताकडून खेळला. बालेवाडीला त्याला खेळताना पाहिलेले बरेच जण ही पोस्ट वाचत असतील.

दुहेरी नागरिकत्व द्या असं मी म्हणणार नाही. एका खेळासाठी घटनेच्या मुळाशी हात घालायची गरज नाही, आणि पासपोर्ट सोडण्याची अट मला स्वतःला योग्य वाटते. ज्याला सोडायचाय तो सोडेल. पण तो सोडायला तयार असताना आपण त्याला वर्षभर ताटकळत ठेवतो, हे चूक. याच कायद्याच्या कलम 6 मध्ये वाट आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा एकूण मानवी प्रगतीसाठी विशेष कामगिरी केलेल्याला सरकार सगळ्या अटी माफ करू शकतं. 2016 मध्ये अदनान सामीला नागरिकत्व मिळालं ते याच मार्गाने. या यादीत ‘क्रीडा’ हा शब्द नाही. तो घाला, एवढीच माझी मागणी.

आता गावातल्या मित्रांचा आक्षेप. “म्हणजे आमच्या पोरांची जागा बाहेरच्याला?” मुळशीत गावचा कोण आणि बाहेरचा कोण हा वाद जमिनी विकल्यापासून रोजचाच आहे, त्यामुळे रागाचं कारण कळतं. पण आपल्या पोरांची जागा गेली कुठे ते बघा. पुणे एफसी बंद. भारत एफसी एक आय-लीग हंगाम खेळून गायब. एफसी पुणे सिटी 2019 ला संपलं, जागा हैदराबादला गेली. 2025-26 ची आयएसएल वेळेवर सुरूसुद्धा झाली नाही. सूस-नांदेच्या पोराला आज खेळायला वरच्या दर्जाचा पुण्याचा क्लबच उरलेला नाही. यातलं काहीही कुठल्या ओसीआयवाल्याने केलेलं नाही. उद्या दहा रायन आणले तरी हे भरून निघणार नाही हेही खरं, म्हणून दोन्ही मागण्या एकत्रच करायला हव्यात.

आमची मुळशी बारामती लोकसभेत येते. तिथल्या खासदारांना वरच्या दोन्ही मुद्द्यांचं पत्र परवा टाकलंय. तुम्ही तुमच्या खासदारांना टाका. कलम 6, पोटकलम 1 असं स्पष्ट लिहा, नाहीतर ‘ओसीआयबद्दल निवेदन’ म्हणून भलत्याच फायलीला लागेल.