वाड्यातलं प्रेम जगतं, वस्तीतलं मरतं. हे ठरवलं कोणी?



आमच्या किकवीच्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. मागच्या खेपेला वाचन संपल्यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि समोर बसलेल्या मुलींवरच घसरले. "बाबासाहेबांनी तुमच्या हातात पुस्तक दिलं आणि तुम्ही मोबाईलवर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचता! राजकुमार काय, नागीण काय, सात जन्मांची गाठ काय! अशानं चळवळ उभी राहणार?" टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्याच असत्या, पण मागच्या रांगेतून एक पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही वाचलीय का एखादी?" काकांनी वाचली नव्हती. खरं सांगायचं तर आम्हीही नव्हती.

म्हणून आम्ही वाचायला घेतल्या. शिरवळच्या कंपनीत पाळीला जाता-येता, हायवेवर गाडीची वाट बघत, रात्री अंथरुणात. मोबाईलवर भागांमागून भाग येणाऱ्या प्रेमकथा वाचल्या, पुराणातले देव घेऊन लिहिलेल्या जाडजूड कादंबऱ्या वाचल्या, मराठीत आलेला हॅरी पॉटरही वाचला. त्यातून जे मत झालं ते इथे मांडतोय. काकांना ते आवडणार नाही. त्या कादंबऱ्यांच्या चाहत्यांनाही आवडणार नाही.

आधी प्रेमकथा. या कथांमधे जात कुठेच नसते, असं आम्हाला सांगितलं जातं. बरोबर आहे, जात हा शब्द नसतो. आडनाव असतं. नायक देशमुख असतो, इनामदार असतो, सरनाईक असतो. त्याची कंपनी असते, गाव असतं, गावात वाडा असतो, वाड्यात आजीसाहेब असतात आणि घराण्याची इज्जत असते. नायिका 'साध्या घरातली' असते. साधी म्हणजे गरीब, पण गरिबीतही तिचं आडनाव कुलकर्णी किंवा जाधव असतं आणि देवघरात समई तेवत असते. दोघांचं आधी भांडण, मग काहीतरी करार करून लग्न, मग प्रेम. मधे श्रीमंती-गरिबीची भिंत येते आणि शेवटी पडते. जातीची भिंत येतच नाही, कारण लेखकाने ती ओलांडावी लागेल असा माणूसच कथेत घेतलेला नसतो. कांबळे भेटला तर तो गाडी चालवत असतो, किंवा हवालदार असतो, आणि 'मालक' म्हणून बाजूला होतो.

आता आठवा, 1916 साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जो निबंध वाचला, त्यात जातीचा प्राण कशात सांगितला होता? विटाळात नाही, धंद्यात नाही. जातीतल्या जातीत लग्न करण्यात. आणि वीस वर्षांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मधे त्यांनी उपायही त्याच जागी दाखवला: बेटी-व्यवहार. म्हणजे जात कुठे जगते, तर कोण कोणावर प्रेम करू शकतं आणि कोणाशी लग्न लावू शकतं, या एका प्रश्नात. मग प्रेमकथा हा फालतू विषय कसा? जातीचं कुलूप जिथे लावलंय नेमकं त्याच दाराची ही गोष्ट आहे. काका म्हणतात मुली भलतंच वाचतात. आम्ही म्हणतो, मुली नेमकं दार बघून उभ्या आहेत. तुम्हीच दुसरीकडे बघताय. आणि पोरं दिवसभर हाणामारीचे पिक्चर बघतात, त्यांना विहारात कोणी उठून झापलेलं आम्ही अजून पाहिलेलं नाही. हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता दुसरी बाजू. प्रस्थापित लेखक आपल्याला प्रेमकथेत घेत नाहीत, हे खरं. पण घेतात तेव्हा काय होतं? मरण होतं. 2016 चा 'सैराट' आम्ही तीनदा पाहिला, नागराज मंजुळे आपला माणूस, त्याबद्दल दुमत नाही. पण पाटलाची आर्ची आणि खालच्या जातीचा परश्या शेवटी रक्ताच्या थारोळ्यात पडतात. त्याआधी 'फँड्री'तल्या जब्याच्या वाट्याला प्रेम आलंच नाही, हातात दगड आला. कोणी म्हणेल, वास्तव तसंच आहे. आहेच. 28 एप्रिल 2014 ला खर्ड्यात नितीन आगेचा खून झाला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता आणि कारण काय सांगितलं गेलं, तर सवर्ण मुलीशी बोलणं. नोव्हेंबर 2017 मधे आरोपी निर्दोष सुटले. 2013 च्या सोनईच्या तिहेरी हत्याकांडामागेही प्रेमच होतं. हे सगळं आम्ही विसरलेलो नाही, आणि कुठल्या कलाकाराने ते दाखवू नये असं म्हणणारही नाही.

पण आमच्यातल्याच एका मुलीने जो प्रश्न विचारला तो अजून आमच्या डोक्यातून जात नाही. ती बौद्ध, तिचा मित्र मातंग. दोघंही कमावते. तिच्या घरी विरोध. हो, आपल्याच घरात, जिथे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे तिथे. ती म्हणाली, "देशमुखांच्या कथा खोट्या आहेत हे मला कळतं. पण त्यात ती दोघं शेवटी एकत्र चहा पितात. आपल्या माणसांची अशी एक तरी गोष्ट सांगा, ज्यात शेवटच्या पानावर दोघं जिवंत आहेत." आमच्यापैकी कोणाला पटकन एकही सांगता आली नाही.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963 चं. 'बलुतं' 1978 चं, 'उपरा' 1980 चं, 'अक्करमाशी' 1984 चं. या पुस्तकांनी मराठी साहित्याची पाठ सोलून काढली. बेबीताई कांबळे आणि ऊर्मिला पवार यांनी तर आपल्या पुरुषांनाही आरसा दाखवला. त्यांचं ऋण मान्य. पण आज प्रस्थापितांचा बाजार आपल्याकडे काय मागतो? वेदनाच मागतो. दलित लेखक म्हटलं की भूक सांग, विटाळ सांग, अत्याचार सांग. आम्ही हळहळतो आणि पुरस्कार देतो. स्वप्न आमचं, वेदना तुमची, अशी ही वाटणी झाली आहे. गावकुसाबाहेर जागा दिली होती तशीच साहित्यातही दिली. आणि आपले काही कार्यकर्ते ती वाटणी आपणहून राखत बसलेत, हे जास्त बोचतं.

अण्णाभाऊंनी ती कधी राखली नाही. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्याच हाताने 'वैजयंता' लिहिली, 'चित्रा' लिहिली, 'आवडी' लिहिली. प्रेम, सूड, साहस, घोड्यावरून पाठलाग, सगळं लिहिलं. साक्षर झालेला पहिला गडी जे वाचेल ते लिहिलं. त्यांना 'रंजनवादी' म्हणून बाजूला सारणारे समीक्षक कोण होते आणि त्यांची आडनावं काय होती, हे शोधण्याचं काम आम्ही वाचकांवर सोपवतो.

आता अद्भुताकडे येतो, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे.

मराठी कादंबरी अद्भुतातच वाढली. 1861 ची 'मुक्तामाला', 1868 ची 'मंजुघोषा'. राजे, राजकन्या, संकटं, योगायोग. आणि त्याआधी, 1855 साली, इथून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या पुण्यात, फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे 'मांग महाराच्या दुःखाविषयी' निबंध लिहून 'ज्ञानोदया'त छापून घेत होती. एक मुक्ता खरी, एक मुक्ता कल्पनेतली. मराठीने दुसरीला कादंबरी दिली. पहिलीला शंभर वर्षं विसरून गेली.

आजचं अद्भुत बघा. अमीश यांची 'मेलुहा' 2010 मधे आली, मराठीतही आली, आपली पोरंही ती आवडीने वाचतात. त्यात एक आदर्श राज्य आहे. तिथे मूल जन्मलं की ते आईबापांकडे राहत नाही. सगळी मुलं एकत्र वाढतात, मोठी झाल्यावर परीक्षा होते आणि परीक्षेवरून वर्ण ठरतो. वाचणाऱ्याला वाटतं, वा, जन्माची अट गेली! अरे, पण चार कप्पे गेले का? गुणांवर चातुर्वर्ण्य हीच आर्यसमाजाची फोड बाबासाहेबांनी 1936 साली कागदावर चिरून ठेवली आहे. नव्वद वर्षांनी तीच आपल्याला चकचकीत वेष्टनात विकत मिळते.

पुढे त्याच राज्यात 'विकर्म' नावाची माणसं आहेत. मागच्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी दुर्दैव भोगणारी, ज्यांना कोणी शिवायचं नाही. नायिका सती विकर्म आहे. नीलकंठ तिच्या प्रेमात पडतो आणि त्याच्या शब्दाखातर तो कायदा रद्द होतो. आम्ही हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. लेखकाला अस्पृश्यता वाईट वाटते, हे उघड आहे. पण ती जाते कशी? देवाची मर्जी बसली म्हणून. आमच्या भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. तिथल्या नगरपालिकेने 1924 सालीच ठराव करून तळं खुलं केलं होतं. ठरावाने कोणाच्या ओंजळीत पाणी आलं नाही. 20 मार्च 1927 ला माणसं आपल्या पायांनी चालत गेली, पाणी प्याली, परत येताना डोकी फुटली, आणि कोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. अस्पृश्यता अशी जाते, आणि त्यात अद्भुत काही कमी नाही! हजारो माणसं एका ओंजळीसाठी चालत निघतात, यापेक्षा थरारक प्रकरण कुठल्या काल्पनिक कादंबरीत आहे ते दाखवा.

पुनर्जन्माच्या प्रेमकथांबद्दल दोनच वाक्यं. 'मागच्या जन्मीची अधुरी गाठ' गोड वाटते, पण मागच्या जन्मीचं प्रेम मानलं की मागच्या जन्मीचं पापही मानावं लागतं, आणि ते पाप कोणाच्या कपाळी लिहिलेलं असतं हे आपल्याला सांगायला नको. ज्यांच्या घरात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जातात त्यांनी तरी ही गोळी साखरेसकट थुंकावी.

हॅरी पॉटरने मात्र आम्हाला चकित केलं. शुद्ध रक्ताचे जादूगार आणि 'घाणेरड्या रक्ताची' हर्मायनी, हे आठवीतल्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांना लगेच कळलं. पण त्याच पुस्तकात घरकाम करणारे एल्फ आहेत, त्यांना गुलामी आवडते म्हणे, आणि त्यांच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या हर्मायनीची सगळे टिंगल करतात. 'त्यांना तसंच राहायला आवडतं' हे वाक्य आपण बलुत्याबद्दल किती वेळा ऐकलंय! पोरांनी तेही पकडलं. वाचू दिलं की पोरं पकडतात, हा आमचा अनुभव.

आणि ज्यांच्याकडून आपण 1972 साली पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या माणसांनी काय केलं? ऑक्टेव्हिया बटलर यांनी 1979 मधे 'किंड्रेड' लिहिली: आजची काळी बाई अचानक गुलामगिरीच्या काळात जाऊन पडते. एन. के. जेमिसिन यांनी अद्भुत कादंबऱ्यांसाठी 2016, 2017 आणि 2018 असा सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार घेतला. त्यांच्या चळवळीने कोणाला 'स्वप्नं बघू नका' म्हटलं नाही. आपल्याकडे नागवंशाचा अभिमान मिरवतात, पण नागाची गोष्ट मात्र टीव्हीवरच्या नागिणीला देऊन टाकली.

त्या मुलीचं काय झालं? ती लिहिते आहे. मुलगा-मुलगी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायला जातात, त्यांची नोटीस तीस दिवस फलकावर लागते, आणि त्या तीस दिवसांत कोण कोण फलक वाचून जातं, एवढीच गोष्ट. कुठल्याही शापापेक्षा ते तीस दिवस भयंकर आहेत. तिचे बारा दिवस लिहून झालेत. तेराव्या दिवशी मुलीचा मामा येतो. हा मामा आपलाच आहे, निळा गमछा घालणारा, वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारणारा. आमच्यातल्या दोघांनी तिला मामाला काढून टाकायला सांगितलं, 'समाजाची बदनामी होते' म्हणून. तिने नकार दिला. आम्ही बाकीचे तिच्या बाजूने आहोत.

ज्येष्ठ काकांना सहावा भाग वाचून दाखवला. त्यांनी एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि पुढचा भाग कधी, असं विचारलं.

विहारात आता एक कपाट केलंय. अण्णाभाऊंच्या जुन्या कादंबऱ्या कोणाच्या माळ्यावर पडून असतील तर किकवीला पोचवा. फाटक्या असल्या तरी चालतील, बांधून घेऊ.