प्रेक्षक मोजणारा माणूस

दूरचित्रवाणीवर काय दिसावे हे प्रेक्षकच ठरवतो, असे सांगितले जाते. ही समजूत वाहिन्यांनी आणि जाहिरातदारांनी मोठ्या आवडीने जोपासलेली आहे. ती किती अर्धवट आहे हे अमेरिकेतील फ्रेड सिल्व्हरमन यांच्या कारकिर्दीवरून कळून येते. सी. बी. एस., ए. बी. सी. आणि एन. बी. सी. या तिन्ही बलाढ्य प्रक्षेपण कंपन्यांच्या कार्यक्रमांची सूत्रे ज्याच्या हाती आली असा हा एकमेव अधिकारी. जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर प्रबंध लिहिला तोच ए. बी. सी.च्या कार्यक्रमांवर. १९६३ मध्ये, अवघ्या पंचविशीत, ते सी. बी. एस.च्या दिवसा दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचे प्रमुख झाले आणि १९७० मध्ये सर्वच कार्यक्रमांचे. पुढच्याच वर्षी या कंपनीने ग्रामीण जीवनावरच्या मालिका एका झटक्यात बंद केल्या. त्यांतील ‘मेबेरी आर. एफ. डी.’ आणि ‘ही हॉ’ हे कार्यक्रम प्रेक्षकसंख्येत पहिल्या विसांत होते. मग त्यांचा अपराध कोणता? त्यांचा प्रेक्षक खेड्यातला होता, वयस्क होता आणि जाहिरातदाराला हवा तेवढा खर्चिक नव्हता. डोकी मोजली जात होती, परंतु प्रत्येक डोक्याचा भाव वेगळा होता. टी. आर. पी.च्या आकड्यांवर मालिका ताणल्या आणि गुंडाळल्या जाताना पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा हिशेब अगदीच परका वाटणार नाही.

या निर्णयाबद्दल एकट्या सिल्व्हरमन यांना दोष देणे अन्यायाचे होईल. कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट वुड यांचेही धोरण तेच होते. शिवाय रिकाम्या झालेल्या जागी जे आले ते टाकाऊ नव्हते. वर्णद्वेष्टा सासरा आणि पुरोगामी जावई यांच्या भांडणातून अमेरिकेला आरसा दाखवणारी ‘ऑल इन द फॅमिली’ जानेवारी १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा फारशी कोणी पाहत नव्हते. सिल्व्हरमन यांनी तिला शनिवारची मोक्याची वेळ दिली. कोरियन युद्धावरील ‘मॅश’ पहिल्या वर्षी अशीच रखडली होती. १९७३ मध्ये तिला ‘ऑल इन द फॅमिली’च्या पाठोपाठ बसविण्यात आले आणि तिचे नशीब फळफळले. चांगल्या गोष्टीला जागा आणि अवधी देण्याची ही समज हेच त्यांचे खरे भांडवल होते.

१९७५ मध्ये ते ए. बी. सी.मध्ये गेले आणि मागे पडलेली ही कंपनी पहिल्या क्रमांकावर आली. गुलामगिरीच्या इतिहासावरील ‘रूट्स’ जानेवारी १९७७ मध्ये सलग आठ रात्री दाखविण्यात आली व साऱ्या देशाने ती पाहिली. ती पडलीच तर लवकर आटोपावी म्हणून तिच्या रात्री सलग ठेवल्या, असे सांगतात! त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. त्यांचा अंदाज कधी चुकत नाही, अशी त्यांची ख्याती झाली होती.

तो चुकला १९७८ नंतर. एन. बी. सी.च्या अध्यक्षपदी आल्यावर तिसऱ्या क्रमांकाची ही कंपनी त्यांना वर काढता आली नाही. अफाट खर्चाची ‘सुपरट्रेन’ १९७९ मध्ये नऊ भागांत कोसळली. मॉस्को ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाचे हक्क सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरना घेतलेले होते. अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेने १९८० च्या त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. कार्यक्रम बदलत, हलवत, रद्द करत राहण्याची घाई वाढत गेली. जो माणूस इतरत्र वाट पाहू शकला त्याला येथे थांबायला उसंत नव्हती. अंतःप्रेरणा तीच होती, वेळ मात्र नव्हता. १९८१ च्या उन्हाळ्यात ते पायउतार झाले.

त्याच वर्षी जानेवारीत, त्यांच्याच पुढाकाराने, ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस ठाण्यावरील मालिका सुरू झाली होती. प्रेक्षकसंख्येत ती तळाशी होती. सप्टेंबरमध्ये तिने आठ एमी पारितोषिके मिळविली, पण तेव्हा सिल्व्हरमन यांची खुर्ची दुसऱ्याकडे गेलेली होती. त्यांच्या जागी आलेल्या ग्रँट टिंकर यांनी सिल्व्हरमन यांनीच नेमलेले तरुण कार्यक्रमप्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ यांना कायम ठेवले. १९८२ मध्ये सुरू झालेली ‘चिअर्स’ आरंभी तळाशी असतानाही त्यांनी ती बंद केली नाही. ती १९९३ पर्यंत चालली. दशकाच्या मध्यापर्यंत एन. बी. सी. पहिली झाली होती. टिंकर यांचे मोठेपण निर्विवाद आहे, परंतु त्यांनी जी झाडे वाढवली त्यांतली काही रोपे आधीच्या माळ्याची होती, हे फारसे कोणी बोलत नाही.

सिल्व्हरमन पुढे स्वतंत्र निर्माते झाले. १९८६ मध्ये ‘मॅटलॉक’ ही वकिलावरची मालिका त्यांनी एन. बी. सी.लाच दिली. नायक होते अँडी ग्रिफिथ, म्हणजे ज्यांच्या मूळ मालिकेतून ‘मेबेरी आर. एफ. डी.’ निघाली होती तेच. मालिका नऊ वर्षे चालली आणि तिचा निष्ठावंत प्रेक्षक होता वयस्कांचा. १९७१ मध्ये ज्यांचा भाव कमी लावला गेला होता, तोच हा वर्ग.