न पिणाऱ्यांचा रकाना

आरोग्य तपासणीच्या अर्जावर एक प्रश्न हमखास असतो. मद्यपान करता का? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. वीस वर्षे रोज पिऊन, काविळीनंतर डॉक्टरांनी दम भरल्यावर कानाला खडा लावलेला माणूस कोणत्या चौकटीत खूण करतो? 'नाही'मध्ये. जन्मात थेंबही न घेतलेली त्याची आई तिथेच खूण करते. अर्जापुरती दोघांची प्रकृती एकाच माळेतली.

'रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली' हे वाक्य बऱ्याच अंशी या चौकटीवर उभे आहे. थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असे पाहणीमागून पाहणीत दिसत गेले. १९९१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीने फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. तो लोणी खातो, चीज खातो, तरी त्याचे हृदय ठणठणीत. श्रेय ग्लासाला मिळाले आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप धडाक्यात वाढला. तुलना नेमकी कोणाशी चालली आहे, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

विचारणारा मात्र होऊन गेला होता. ब्रिटनमधल्या २४ गावांतील ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांची माहिती संशोधक शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होती. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की न पिणाऱ्यांत एके काळी पिणारे बरेच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना आजार आधीच जडलेले आहेत. प्रकृती ढासळली की माणूस पिणे कमी करतो, मग सोडतो. सोडले की त्याचा रकाना बदलतो. पुढे तो गेला, तर तो मृत्यू न पिणाऱ्यांच्या खात्यावर चढतो. आपल्याकडे अशा माणसाने 'माळ घातली' म्हणतात. चांगलेच केले. पण माळ घातल्याने यकृत नवे होत नाही.

आता पलीकडचा रकाना पाहा. डेन्मार्कमध्ये सुपरमार्केटच्या सुमारे ३५ लाख बिलांची छाननी झाली. वाइन घेणाऱ्यांच्या बिलात ऑलिव्ह, फळे, भाज्या, कमी चरबीचे चीज. बिअर घेणाऱ्यांच्या बिलात सॉसेज, चिप्स, तयार जेवण, शीतपेये. म्हणजे वाइनवाल्याची पिशवीच मुळात बरी होती. तिच्यातल्या भाजीला श्रेय द्यावे असे कोणाला वाटले नाही. बाटलीला द्यावे असे पुष्कळांना वाटले.

१०७ अभ्यास आणि ४८ लाखांहून अधिक माणसे एकत्र घेऊन, असे दोष शक्य तितके काढून, २०२३ मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला. रोज थोडी पिणाऱ्यांना आयुष्य वाढवून मिळते असे म्हणता येईल एवढा फरक त्यात उरला नाही. त्याच वर्षी जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकले की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेच प्रमाण नाही. मद्य कर्करोगकारक आहे, हे तर त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८०च्या दशकातच नोंदवले होते. ती नोंद पार्ट्यांमध्ये कोणी वाचून दाखवत नाही.

आणि हे सगळे रकाने तिकडचे. ब्रिटनमध्ये न पिणारा हा अपवाद असतो. तो का पीत नाही, याला बहुधा कारण असते आणि ते अनेकदा आजाराचेच असते. इथे न पिणे हीच रीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातले सुमारे १९ टक्के पुरुष आणि जेमतेम १ टक्का स्त्रिया मद्य घेतात असे आढळले. आपल्या 'नाही'च्या चौकटीत शेतावरची बाई आहे, शाळामास्तर आहे, पिढीजात वारकरी आहे. त्यांना तिकडच्या आजारी रकान्याचे निष्कर्ष लावून 'थोडी घेत जा' सांगणे हा वैद्यकीय सल्ला नव्हे.

२०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचे ठरवले, तेव्हा कारण दिले द्राक्ष उत्पादकाच्या उत्पन्नाचे. त्यावर वाद घालता येतो, घातलाही गेला. निदान ते कारण उघड होते. हृदयाचे कारण तसे नाही. मुळात प्यायची असते, आणि संमती हवी असते. चव आवडते म्हणून एखादा ग्लास घेणाऱ्याला कोणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. त्याने कार्डिऑलॉजिस्टला मध्ये आणू नये, एवढेच.

बाटली तरी खोटे बोलत नाही. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार मद्याच्या लेबलवर आरोग्याचा कोणताही दावा छापता येत नाही, आणि मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा छापावाच लागतो. नाशिकची रेड वाइन त्याला अपवाद नाही.