उलट मताची प्रतिष्ठा

१

एखादी कृती अभिजात म्हणून मान्य झाली की तिच्याभोवती दोन प्रकारचे रसिक जमू लागतात. पहिल्या प्रकारचा रसिक तिच्या थोरवीची पुनरुक्ती करीत राहतो. दुसऱ्या प्रकारचा रसिक कलावंताला नाकारीत नाही. किंबहुना कलावंतावरील त्याची निष्ठा पहिल्याहून अधिक कडवी असते. तो नाकारतो ती त्या कलावंताची सर्वमान्य श्रेष्ठ कृती. बीटल्सचा असा चाहता 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) हा अल्बम बाजूला सारतो आणि त्याआधीचा एखादा अल्बम पुढे करतो. नेमाड्यांचा असा वाचक 'कोसला'चे (१९६३) नाव निघताच 'झूल'कडे (१९७९) बोट दाखवितो. मर्ढेकरांचा असा अभ्यासक 'काही कविता'पेक्षा (१९४७) 'शिशिरागम'मध्ये (१९३९) रमतो. गीतरामायणाचा असा श्रोता घराघरांत पोहोचलेल्या सुधीर फडके यांच्या ध्वनिमुद्रिकांपेक्षा आकाशवाणीवरील मूळ प्रसारण श्रेष्ठ मानतो.

या वृत्तीला आपल्याकडे बंडखोरीची प्रतिष्ठा मिळाली आहे. चाहत्यांच्या गप्पांत ती स्वाभाविकच म्हणावी लागेल. परंतु चर्चासत्रांतून आणि प्रबंधांच्या प्रस्तावनांतूनही उलट मत मांडणे म्हणजेच चिकित्सा करणे, असा समज रूढ होऊ पाहत आहे. हा समज तपासला पाहिजे, कारण त्याच्या आधारे काही कृती अभ्यासक्रमात येतात आणि काही कायमच्या बाहेर राहतात.

२

बीटल्सच्या चाहत्यांतील मतभेदांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. जून १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर'चे जगभर स्वागत होत असतानाच रिचर्ड गोल्डस्टाइन या तरुण समीक्षकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याच्यावर प्रतिकूल लेख लिहिला. ध्वनिपरिणामांच्या थाटामाटात गीतरचना दुबळी पडली, असा त्याचा आक्षेप होता. त्या आक्षेपाशी असहमत होता येते आणि पुष्कळजण झालेही. पण असहमत होण्याजोगे काही त्या लेखात होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

पुढील काळात 'सार्जंट पेपर' हा श्रेष्ठतेचा मानदंड झाला आणि त्याऐवजी 'रिव्हॉल्व्हर'ला (१९६६) पसंती देणे ही जाणकारीची खूण ठरली. हळूहळू ही खूण सर्वांच्याच हाती आली. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या २००३ मधील श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत 'सार्जंट पेपर' पहिल्या स्थानावर होता. २०२० च्या यादीत तो चोविसाव्या स्थानी उतरला आणि 'ॲबी रोड' पाचव्या, तर 'रिव्हॉल्व्हर' अकराव्या स्थानी होता. काल जे बंडाचे मत होते ते आज शिरस्त्याचे झाले. मग उलट मताला नवे ठिकाण शोधणे भाग पडले. कोणी 'व्हाइट अल्बम'च्या (१९६८) विस्कळीतपणातच त्याचे मोठेपण पाहू लागला. कोणी 'लेट इट बी'चे २००३ साली निघालेले, फिल स्पेक्टरचे संस्कार काढून टाकलेले रूप अस्सल मानू लागला. कोणी स्टिरिओ आवृत्त्यांना तुच्छ लेखून मोनो मुद्रणांचा कैवार घेऊ लागला. २००९ साली या मोनो मुद्रणांचा स्वतंत्र संचही बाजारात आला. बंडाच्या पाठोपाठ त्याची वेष्टनबद्ध विक्रीही सुरू होते, एवढी नोंद येथे पुरे.

या स्थलांतराचे कारण कृतीत शोधू गेल्यास सापडत नाही. 'रिव्हॉल्व्हर' २००३ ते २०२० या काळात बदलला नव्हता. बदलले ते त्याच्याशी सहमत असणाऱ्यांचे संख्याबळ.

३

येथे कांटने केलेला एक भेद उपयोगी पडतो. मराठीत त्याची सविस्तर चर्चा रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात केलेली असल्याने तो नव्याने उलगडण्याचे कारण नाही. 'हे मला आवडते' असे म्हणणारा कोणाच्याही संमतीची अपेक्षा ठेवीत नाही. 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा मात्र, त्याचे विधान स्वतःच्या अनुभवातून निघाले असूनही, सर्वांच्या संमतीची मागणी करतो. ती संमती प्रत्यक्षात मिळेल की नाही हा प्रश्न गौण आहे. मागणी हा त्या विधानाच्या स्वरूपाचाच भाग आहे.

आता उलट मताला हा निकष लावून पाहावा. उद्या सर्व वाचकांनी 'झूल' हीच नेमाड्यांची श्रेष्ठ कादंबरी असल्याचे मान्य केले, तर आज तसे म्हणणाऱ्या वाचकाला आनंद होईल की काहीतरी हरवल्यासारखे वाटेल? आनंद होणार असेल तर त्याचे विधान अभिरुचीचे आहे आणि त्याच्याशी वाद घालता येईल. हरवल्यासारखे वाटणार असेल तर ते विधान 'झूल'विषयी नव्हतेच. ते बोलणाऱ्याच्या स्थानाविषयी होते. पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात अभिरुचीला सामाजिक भेदाचे साधन म्हटले, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः वर्गावर्गांतील अंतर होते. चाहत्यांचे उलट मत हेच अंतर एका कलावंताच्या उपासकांमध्ये, घरातल्या घरात, निर्माण करते.

यावर असा प्रतिवाद होईल की अशा हट्टी मतांमुळेच प्रमाणकृतींची पुनर्रचना होते. यात तथ्य आहे. परंतु पुनर्रचना घडते ती हट्टामुळे नव्हे. 'रिव्हॉल्व्हर'चा पक्ष मान्य झाला तो काही मुद्द्यांच्या बळावर. उलट दिशेने वाजविलेली गिटार, ध्वनिफितींची आवर्तने हे प्रयोग तेथे आधीच झालेले होते आणि ते आटोपशीर गीतांच्या सेवेला लावलेले होते. 'सार्जंट पेपर'ची बहुचर्चित एकसूत्रता मात्र आरंभीच्या दोन गीतांत आणि अखेरीकडील पुनरावृत्तीत जाणवते. मधल्या भागात ती विरळ होते. ही कारणे ज्याला तपासायची आहेत त्याला ती तपासता येतात, आणि म्हणूनच ती एका रसिकाकडून दुसऱ्याकडे जातात.

४

गीतरामायणाच्या श्रोत्यांतील उलट मत या कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांची ही गीतमाला सुरू झाली. आठवड्याला एक याप्रमाणे बावन्न गीते योजलेली होती. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ती छप्पन झाली. संगीत फडक्यांचे होते, परंतु गायन अनेकांचे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे निरनिराळे आवाज निरनिराळ्या पात्रांना लाभले. पुढे ध्वनिमुद्रिकांतून आणि जाहीर कार्यक्रमांतून फडक्यांनी सर्व गीते एकट्याने गायिली, आणि मराठी मनात रुजले ते हेच रूप.

'मूळ ते मूळ' असे म्हणणारा श्रोता बहुधा येथेच थांबतो. प्रसारण ऐकलेली पिढी आता विरळ झाल्यामुळे त्याच्या विधानाला दुर्मिळतेचे वलय प्राप्त होते. 'ते तुम्ही ऐकलेले नाही' हा त्याचा अंतिम युक्तिवाद असतो, आणि त्याला उत्तर नसते. ज्या विधानाला उत्तर संभवत नाही ते समीक्षेच्या कक्षेत येत नाही.

परंतु याच मताला समीक्षेचे रूप देता येते. ही गीते बहुतांशी पात्रमुखी आहेत. कौसल्या, सीता, शूर्पणखा, भरत, हनुमान आपापल्या प्रसंगी बोलतात. बहुस्वरी गायनात त्यांचा रूपबंध नाट्याकडे झुकतो. शिवाय सात दिवसांच्या अंतराने एकच गीत कानी पडणार असल्याने प्रत्येक गीताला स्वतंत्र उभे राहावे लागते. त्या अंतराची गरज वेगळा आवाज भागवितो. या उलट, गीते सलग ऐकली जाऊ लागताच एकसंधतेची अपेक्षा निर्माण होते आणि एकच गळा ती पुरी करतो. फडक्यांच्या एकल गायनात गीतरामायण नाट्याकडून कथनाकडे, कीर्तनाच्या परंपरेकडे सरकते. तेथे एकच कथेकरी सर्व पात्रे वाहून नेतो. या बाजूलाही संहितेचाच आधार आहे. संपूर्ण रचनेची चौकट कुश आणि लव रामासमोर रामकथा गातात अशी आहे. म्हणजे कौसल्येचा शोक असो वा शूर्पणखेचा संताप, तो प्रथमपासूनच कोणा गायकाच्या मुखातून येणारा, कथिलेला शोक वा संताप आहे.

दोन्ही पक्ष असे मांडले की 'मूळ' आणि 'लोकप्रिय' हे शब्द मागे पडतात आणि प्रश्न उरतो तो खरा वाङ्मयीन प्रश्न: पात्राचे भाषण आणि कथकाचे गायन यांत या संहितेचा तोल कोठे आहे? छप्पन गीतांचे उत्तर एकच असेल असे मानण्याचेही कारण नाही.

५

उलट मत बाळगण्यास काही साधने लागतात, हेही नोंदविले पाहिजे. कलावंताच्या सर्व कृती जवळ हव्यात, त्या पुनःपुन्हा अनुभवण्याची सवड हवी, आणि आपल्या मताशी कोणी सहमत झाले नाही तरी बिघडणार नाही अशी जीवनस्थिती हवी. ही तिसरी अट फारशी कोणी उच्चारीत नाही.

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. तेथे दृष्टिहीन व्यक्तींची अनेक कुटुंबे वसलेली आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचा चरितार्थ लोकलमध्ये वस्तू विकून किंवा गाणी गाऊन चालत आलेला आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४४ नुसार गाडीत विनापरवाना विक्री आणि याचना करण्यास मनाई आहे; २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाल्या तेव्हा या उपजीविकेचा आधारच नाहीसा झाला. अशा गायकाला गीतांची निवड करताना अनोळखी डब्याची संमती मिळवावी लागते, तीही पुढचे स्थानक येण्यापूर्वी. अप्रसिद्ध गीताचा कैवार घेणे त्याला परवडणारे नाही.

म्हणून त्याची निवड प्रमाण मानावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. डब्याने गीत ओळखणे आणि गीत श्रेष्ठ असणे यांत अंतर आहे. कांटची सार्वत्रिकता ही डोकी मोजून सिद्ध होणारी नाही, आणि लोकप्रियतेचा उदो उदो हे उलट मताचेच उलटे रूप आहे. तथापि या गायनात कृतीची एक परीक्षा नकळत घडते, आणि ती संग्राहकाच्या खोलीत घडू शकत नाही. मूळ गायकाचा गळा नाही, वाद्यमेळ नाही, मुद्रणाची सफाई नाही, शांतता तर नाहीच. इतके सारे काढून घेतल्यावर गीतात काय उरते? जे उरते ते रचनेचे. जे गळते ते सादरीकरणाचे होते. मोनो की स्टिरिओ, मूळ प्रसारण की ध्वनिमुद्रिका या वादांत हाच भेद सतत निसटत असतो. दुसऱ्या गळ्यात टिकणे हा मूल्याचा एकमेव निकष नव्हे. पण एखाद्या आवृत्तीला अस्सल ठरविणाऱ्याने त्याला सामोरे गेलेच पाहिजे. लव-कुशांची ओळख श्रोत्यांना नव्हती. त्यांना गायकाच्या नावाचा आधार न घेता कथा ऐकवावी लागली, हे रामकथा ऐकणाऱ्या समाजाने विसरू नये.

६

चाहत्याचा दोष तसा क्षम्य आहे. तो प्रेमापोटी घडतो. विद्यापीठीय समीक्षेला ही सवलत देता येत नाही. गीतरामायण घराघरांत पोहोचले, आणि त्याच्या काव्यरूपाचा विचार या समीक्षेने तुलनेने फार थोडा केला. माडगूळकर 'गीतकार' ठरले आणि त्या एका शब्दाने त्यांच्या संहितेचे वाचन अनावश्यक ठरविले. हे उलट मतच होते. फक्त ते मौनाच्या रूपात व्यक्त झाले म्हणून त्याच्याकडे कारणे मागितली गेली नाहीत. बहुतांना प्रिय असलेली कृती वगळल्याने वगळणाऱ्याची अभिरुची उंचावत असेल, तर तीही अंगावर मिरविण्याची खूणच आहे.

याची दुसरी बाजू अधिक नवी आणि अधिक धोक्याची आहे. संशोधनाचा विषय निवडताना विद्यार्थी आता 'दुर्लक्षित' हे विशेषण शोधू लागला आहे. 'कोसला'वर पुष्कळ लिहून झाले, म्हणून 'बिढार' (१९७५) किंवा 'जरीला' (१९७७). मर्ढेकरांच्या नवकवितेवर लिहून झाले, म्हणून 'शिशिरागम'. या निवडी चुकीच्या आहेत असे नव्हे. 'शिशिरागम'मधील रोमँटिक वळणाकडे पाहिल्याखेरीज 'काही कविता'तील मोडतोड किती जाणीवपूर्वक होती हे कळणार नाही, असे कोणी सिद्ध केले तर ते मोलाचे काम होईल. मात्र तसे सिद्ध करणाऱ्याला 'काही कविता' पुन्हा वाचावी लागेल. दुर्लक्षाची भरपाई हे कारण त्याला पुरणार नाही, कारण दुर्लक्ष ही वाचकांच्या इतिहासातील घटना आहे, कवितेचा गुण नव्हे.

तेव्हा मागणी साधी आहे. जो सर्वमान्य कृती नाकारतो त्याने ती त्या कृतीच्या चाहत्याइतक्याच बारकाईने वाचलेली असावी. आपले मत उद्या सर्वांनी स्वीकारावे अशी इच्छा धरून त्याने ते मांडावे, आणि ते खोडून काढता येईल इतके स्पष्ट मांडावे. या अटी पाळल्या तर उलट मते संख्येने फार थोडी उरतील. जी उरतील त्यांच्याशी वाद घालण्यासाठीच समीक्षा असते.