वेदी आणि वाटाघाटींचे मेज

धर्मगुरूने वेदी सांभाळावी आणि राष्ट्रांची भांडणे मुत्सद्द्यांवर सोपवावीत, असा उपदेश आम्हांला वारंवार ऐकविला जातो. तो सद्हेतूने केलेला असतो, हे आम्ही जाणतो. परंतु यादवीत सापडलेल्या निःशस्त्र माणसाच्या दृष्टीने पाहिल्यास तो निरुपद्रवी नाही.

मोझांबिकचे उदाहरण घ्या. १९७७पासून तेथे फ्रेलिमोचे सरकार व रेनामोचे बंडखोर यांच्यात युद्ध पेटले होते. युद्धाने आणि त्यामागून आलेल्या दुष्काळाने सुमारे दहा लक्ष माणसांचा बळी घेतला. जुलै १९९०मध्ये रोममधील एका जुन्या मठात उभय पक्ष समोरासमोर बसले. यजमान होता सान्त एजिदिओ हा प्रापंचिकांचा ख्रिस्ती संघ. संघाचे संस्थापक आंद्रेआ रिकार्डी, फादर मात्तेओ झुप्पी, इटलीचे मारिओ राफाएली आणि बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस हे चौघे मध्यस्थ. सत्तावीस महिने त्यांनी ते मेज सोडले नाही. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, संत फ्रान्सिस असीसीकरांच्या सणादिवशी, करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांचे रक्षण करण्यास संयुक्त राष्ट्रसंघाने सहा हजारांहून अधिक सैनिक धाडले. १९९४ साली निवडणुका झाल्या. पुढे २०१३ साली पुन्हा ठिणग्या उडाल्या, हे खरे. पण मधल्या दोन दशकांत किती बालके युद्ध न पाहता वाढली, याचाही हिशेब टीकाकारांनी मांडावा.

त्याच सुमारास रुआंडातही करार झाला होता. ४ ऑगस्ट १९९३ रोजी आरुशा येथे त्यावर सह्या झाल्या; त्याचे रक्षण मात्र कोणी केले नाही. एप्रिल १९९४मध्ये तुत्सींचे शिरकाण सुरू झाले आणि २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने तेथील सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७०वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत आठ लक्षांच्या आसपास माणसे मारली गेली. पिलाताला हात धुण्यास पाणी तरी लागले होते. येथे एक कागद पुरला.

परंतु सुरक्षा परिषदेकडे बोट दाखवून आमची सुटका नाही. न्यांगे येथील चर्चमध्ये आश्रयास आलेल्या किमान दीड हजार जीवांवर बुलडोझरने छत पाडण्यात आले. तेथील धर्मगुरूच या पातकात दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायासनाने २००८ साली अपिलात त्याला जन्मठेप दिली. किगालीचे आर्चबिशप वर्षानुवर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर बसले होते. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी रुआंडातील ख्रिस्तसभेच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. ती क्षमायाचना आम्हा सर्व धर्मगुरूंचीही आहे.

तेव्हा ख्रिस्तसभेने राजकारणात पडावे की पडू नये, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिने कोणत्या आसनावर बसावे, हा खरा प्रश्न. बैराचे आर्चबिशप वैऱ्यांच्या मधोमध बसले. किगालीचे सत्तेच्या पंक्तीस. पहिले आसन याजकाचे आहे, दुसरे दरबाऱ्याचे.

प्रत्येक मिस्सात आम्ही शेजारी उभ्या असलेल्याला शांती देतो. तो आम्ही निवडलेला मित्र नसतो. जो शेजारी आला तो. तोच विधी चर्चच्या दाराबाहेर नेण्यास आम्ही कचरत असू, तर वेदीवरही आम्ही केवळ शब्दच उच्चारीत आहोत.